देवळालीचा ताप

पोस्ट जरा मोठी आहे. लोणार तालुक्यातल्या माजी सैनिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तरी सवडीनं वाचावी.

इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून पडलाय. मी तोफखान्यात भरती झालो, नाशिक रोडला ट्रेनिंग केलं, देवळालीला दहादा गेलो, पण हे कळलं पेन्शनवर आल्यावर.

१८६१ साली इंग्रजांनी देवळालीला छावणी उभी केली. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथे आणून ठेवायचे आणि मग मुंबईहून बोटीनं विलायतेला पाठवायचे. पण या बोटी साधारण हिवाळ्यातच सुटायच्या. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली, तो उन्हाळा-पावसाळा तिथेच पडून. काम नाही, धाक नाही, घर हजारो मैल लांब. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या जुन्या सोल्जरनं १९३६ च्या आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक डाग नव्हता, असे लोक देवळालीला येऊन बिघडायचे आणि घरी जायच्या आधी तुरुंगाची हवा खायचे. कुणाला हिवताप, कुणाला दारू, कुणाचं डोकंच जायचं. सोल्जर त्याला 'डुलाली टॅप' म्हणू लागले. टॅप म्हणजे हिंदुस्थानी 'तप', आपला ताप.

म्हणजे बघा, पलटणीत नीट राहिलेला माणूस वर्दी आणि घर यांच्या मधल्या रिकाम्या जागेत मोडला.

आपल्याकडची गोष्ट फार वेगळी नाही. साधा जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. गावात हार, डीजे, जीपमधून मिरवणूक. आठ दिवसांनी तोच माणूस एसटी स्टँडवर बसलेला दिसतो. धाकट्या भावानं शेत सांभाळलेलं असतं, पोरं बापाला पाहुण्यासारखं वागवतात, आणि बाहेर नोकरी मिळते ती एटीएमसमोरच्या खुर्चीवर.

पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत इंग्रजांनी संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. परत आले त्यांचं पुढे काय झालं, ते पाटीवर नाही. अगदीच काही केलं नाही असंही नाही. जायबंदी जवानांना धंदा शिकवायला १९१७ साली लेडी विलिंग्डननं मुंबईत क्वीन मेरी संस्था काढली, ती पुढे खडकीला गेली आणि अजून चालू आहे. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सोनं घेऊन आले. पण हे दिसणाऱ्या जखमांचं झालं. न दिसणारीला कोण विचारतो?

आपला जिल्हा तर आत्महत्या मोजणारा जिल्हा. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांत आपण होतो. पात्र-अपात्र हे शब्द इथे शेंबड्या पोरालाही कळतात. पण गुन्हे नोंदणी विभागाच्या आत्महत्यांच्या अहवालात धंद्यांचे जे रकाने आहेत, त्यात माजी सैनिक हा रकाना नाही. शेती करत असेल तर शेतकरी, वॉचमन असेल तर नोकरदार, नाहीतर 'निवृत्त'. ज्याची मोजणीच नाही, त्याच्यासाठी योजना कुठून येणार!

शेजारच्या खेड्यातला एक हवालदार माझा दोस्त आहे. नाव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यानं प्रयत्न केला, पण बायकोच्या लक्षात आलं म्हणून वाचला. घरच्यांनी महिनाभर कुणाला कळू दिलं नाही. केस होईल, पेन्शन थांबेल ही भीती. दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा मला म्हणाला, "रातची डूटी होती तवा बरं होतं भाऊ. आता रात कोनासाठी काढू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिथेच मुक्काम केला, एवढंच.

ती केसची भीती जुनी आहे. ३०९ कलमाखाली जीव द्यायचा प्रयत्न हा गुन्हाच होता. १९८६ साली मुंबई हायकोर्टानं एका आजारी पोलीस शिपायाच्या खटल्यात ते कलम रद्द ठरवलं, पण १९९६ ला सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा उभं केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं की असा माणूस तणावाखाली होता असंच धरायचं, सरकारनं त्याच्यावर उपचार करायचे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत तर ३०९ सारखं सरसकट कलमच नाही. तेव्हा आता लपवू नका, आधी दवाखाना गाठा.

१४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. डिसेंबर २०२३ पासून फौजींसाठी त्यांचा वेगळा कक्षही पुण्याच्या एएफएमसीत आहे. आणि वहिनींनो, माणूस झोपत नसेल, कागदपत्रं आवरून ठेवायला लागला, उगाच सगळ्यांची माफी मागायला लागला, तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या वेळी त्याला एकटं सोडू नका.

दर नोव्हेंबरला आम्ही पेन्शनर हयातीचा दाखला देतो. वर्षातून एकदा सरकार विचारतं, जिवंत आहेस का? आम्ही सात-आठ जणांनी आता ते दर रविवारवर आणलंय. सकाळी सात वाजता धारातीर्थाजवळ, हजेरी तोंडी. जो आला नाही त्याच्या घरी दोघांनी जायचं. हवालदार गेल्या दीड वर्षात दोनदाच चुकला, दोन्ही वेळा लग्नाला गेला होता. तरी आम्ही जाऊन कुलूप बघून आलो.