काविळीचे मूळ पाण्यात

कावीळ हा स्वतंत्र रोग नसून यकृताच्या विकाराचे लक्षण आहे. विषाणूजन्य काविळीचे ए, बी, सी, डी व ई असे पाच प्रकार आहेत. पैकी ए आणि ई दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात मैला मिसळून सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. ती ‘ए’ची नव्हती, हे पुढे जतन केलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले. या ‘ई’ विषाणूवर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने दीर्घकाळ संशोधन केले आहे.

ठराविक वेळीच पाणी येणाऱ्या नळांत धोका अधिक. पाणी बंद असताना वाहिनीतील दाब घटतो आणि शेजारच्या फुटक्या ड्रेनेजमधील मैला गळतीतून आत ओढला जातो. लक्षणे दोन ते आठ आठवड्यांनी दिसतात. तोवर दूषित पाण्याचा विसर पडलेला असतो. म्हणून पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यावे. गर्भवतींनी तर विशेष जपावे, कारण शेवटच्या तिमाहीत ‘ई’ प्राणघातक ठरू शकतो. एरवी ए व ई बहुधा आपोआप बऱ्या होतात. कावीळ ‘उतरविणाऱ्यां’ची ख्याती त्यावरच टिकून आहे!

बी, सी व डी मात्र दूषित रक्त, सुया, शरीरसंबंध किंवा मातेकडून पसरतात आणि वर्षानुवर्षे यकृत पोखरतात. ‘बी’ची लस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावी, तिने ‘डी’पासूनही संरक्षण मिळते. ‘सी’वर लस नाही, परंतु गोळ्यांनी तो बहुतेकांत बरा होतो.