डाव्या हाताची तार

१९७९ सालच्या श्रावणांतील एका सोमवारीं त्र्यंबकेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही घरचीं चार माणसें एकाच स्कूटरवरून नाशकास परत येत होतों. तीर्थरूप गाडी चालवीत होते; मातुश्री धाकट्या बहिणीस मांडीवर घेऊन मागें बसल्या होत्या; आणि आम्ही पुढें, तीर्थरूपांचे गुडघे व हँडल यांच्यामधील अरुंद जागेंत उभे होतों. अंजनेरीजवळ पावसाची सर आली, आणि त्याच सुमारास तीर्थरूपांच्या डाव्या हाताखालची दांडी एकाएकीं ढिली पडली. क्लचची तार तुटली होती. तीर्थरूपांनीं गाडी रस्त्याच्या कडेस घेतली, डिकींतून वर्तमानपत्रांत गुंडाळलेलें तारेचें वेटोळें व दोन पाने काढले, आणि अर्ध्या-पाऊण तासांत आम्ही पुन्हां मार्गास लागलों. मातुश्रींनीं छत्री धरण्यापलीकडे या प्रसंगाची विशेष दखल घेतली नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं ही आठवण निघाली, तेव्हां त्या सहज म्हणाल्या, "तार चार दिवसांपासून कुरकुरत होती, आज-उद्यां जाणार हें ठाऊकच होतें."

कधींहि हातांत पाना न धरलेल्या आमच्या मातुश्रींस हें ठाऊक कसें? या प्रश्नाचा विचार करतां करतां आम्ही त्या तारेच्या इतिहासापर्यंत येऊन पोंचलों, आणि तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

प्रथम क्लच ही काय वस्तु आहे तें पाहूं. एंजिन फिरत असतांहि चाक थांबवितां यावें, आणि चाक पुन्हां चालूं लागतांना हिसका बसूं नये, यासाठीं दोहोंमधील सांगड घटकाभर सोडवून मग हळूच जुळविण्याची जी योजना, तिचें नांव क्लच. आज ही योजना इतकी अवश्य वाटते कीं, तिच्यावांचून मोटारसायकलची कल्पनाच करवत नाहीं. परंतु आरंभींच्या गाड्यांस ती असेच असें नव्हे. १८९४ सालीं जर्मनींतील म्युनिक शहरांत हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर यांनीं जी मोटारसायकल विक्रीस काढली, तिच्या एंजिनाचे दांडे थेट मागच्या चाकासच जोडलेले होते. चाक थांबलें कीं एंजिन थांबलें, आणि एंजिन सुरू करावयाचें तर स्वारानें गाडीबरोबर धांवलें पाहिजे, असा तो प्रकार होता.

क्लच आल्यावर त्यास हुकूम पोंचवावयाचा कसा, हा पुढचा प्रश्न. स्वाराचा हात हँडलावर, क्लच खालीं एंजिनाच्या पोटांत, आणि हँडल तर सारखें वळणारें. लोखंडी दांडा लावावा तर तो वळत नाहीं. नुसती दोरी लावावी तर ती प्रत्येक वळणास ढिली किंवा घट्ट होणार. याचें उत्तर क्लचाकरितां नव्हे, तर सायकलच्या ब्रेकाकरितां आधींच शोधलें गेलें होतें. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन या गृहस्थानें १८९६ सालीं ज्या युक्तीचें पेटंट घेतलें, ती दिसावयास अगदीं साधी आहे. बारीक तारांचा पीळ घालून केलेली एक आंतली तार, आणि तिच्याभोंवतीं जाड तारेच्या घट्ट वेटोळ्यांचें लवचिक आवरण. आपल्याकडील कारागीर यांस 'इनर' व 'आउटर' म्हणतात. आंतली तार ताणली असतां लांबत नाहीं, बाहेरचें आवरण दाबलें असतां आखडत नाहीं. म्हणून सबंध वस्तु कशीहि वांकविली तरी एका टोंकास दिलेली ओढ दुसऱ्या टोंकास जाऊन पोंचते. राले सायकलींचे सर फ्रँक बाउडन ते निराळे. आडनांवाच्या सारखेपणामुळें या शोधाचें श्रेय पुष्कळदां त्यांच्या पदरीं घातलें जातें, एवढें येथें सांगून ठेवतों.

क्लच हातानेंच चालवावा हेंहि लगेच सर्वमान्य झालें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें वापरलेल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांस क्लच डाव्या पायाशीं आणि गिअरची दांडी हाताशीं होती. त्याच युद्धांतील बी. एस. ए. व नॉर्टन या ब्रिटिश गाड्यांस मात्र क्लच डाव्या हातांत होता. पुढें हीच दुसरी रीत सर्वत्र रूढ झाली, व तीच आपल्याकडे आली.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत ही तार आली ती उशिरां, आणि तीहि सायकलच्या वाटेनें नव्हे. कारण आपल्या साध्या सायकलींस बहुधा लोखंडी दांड्यांचेच ब्रेक असत. नाशिकपुरतें बोलावयाचें तर जुन्या गांवांतील माणसाचें काम रविवार कारंज्यापासून पंचवटीपर्यंत पायीं अथवा सायकलीवर उरकत असे. परंतु १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व पुढें सातपूर आणि अंबड येथें कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९६४ सालीं ओझर येथें विमानांचा कारखाना निघाला. घर एकीकडे व काम दुसरीकडे अशी स्थिति झाली, आणि स्वयंचलित दुचाकी ही चैन न राहतां गरज झाली. देशांत तोंवर त्या तयार होऊं लागल्याच होत्या. सैन्याकरितां बुलेट गाड्यांची मागणी आल्यावर १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्डचा कारखाना उभा राहिला. १९६१ पासून म्हैसुरास जावा गाड्या होऊं लागल्या. आणि १९४८ सालीं परदेशी स्कूटरी आणून विकणाऱ्या बजाज मंडळींनीं १९६० नंतर पुण्याजवळ आकुर्डी येथें त्या स्वतः बनविण्यास सुरुवात केली. त्यांची चेतक ही स्कूटर १९७२ सालची. त्या काळीं स्कूटरकरितां नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, हें जुन्या वाचकांस निराळें सांगावयास नको. अशी नवसानें मिळालेली वस्तु घरांतील एका माणसाची राहत नसे. तिच्या बारीकसारीक आवाजाकडे सगळ्या कुटुंबाचें लक्ष असे.

आतां तार तुटते कशी तें पाहूं. दांडींत अडकविण्यासाठीं तारेच्या टोंकास धातूचा एक लहान मणी असतो. त्यास 'निपल' म्हणतात. तारेचें टोंक त्यांत घालून, तेथील पदर किंचित् फुलवून, वर डाख ओतलेला असतो. हें डाखाचें काम आमच्या नाशकाच्या तांबट आळीस कांहीं नवें नाहीं. क्लच दाबतांना हा मणी आपल्या खोबणींत थोडा फिरला पाहिजे. वंगण आटलें व धूळ बसली म्हणजे तो फिरेनासा होतो, आणि मग त्याच्या मानेशीं तार प्रत्येक वेळीं वांकूं लागते. एकाच जागीं पुन्हां पुन्हां वांकविलेली तार तुटते, हें लहान मुलासहि ठाऊक आहे. परंतु पिळाची तार एकदम तुटत नाहीं. पदरामागून पदर जातो. पहिल्या पदराचें तुटकें टोंक आवरणाच्या तोंडाशीं घासूं लागलें कीं कुरकुर सुरू होते, दांडी हातास खरबरीत लागते, क्लच पुरता सुटत नाहीं व गिअर घालतांना कडकड होते. स्वार स्क्रू फिरवून तारेचा ताण वाढवितो. दोन दिवस बरें वाटतें. पण उरलेल्या पदरांवर तेवढाच भार अधिक पडतो. शेवटीं एखाद्या दिवशीं, बहुधा जेथें क्लच वारंवार दाबावा लागतो अशा गर्दींत किंवा घाटांत, ती जाते. सारांश, तार तुटण्यापूर्वीं पुरेशी सूचना देते. ती ऐकणारा कान व ओळखणारा हात मात्र पाहिजे.

तार तुटल्यावर गाडी अगदींच अडून राही असें नाहीं. जावा गाडींत गिअरच्या पायदांडीनेंच क्लचहि सुटत असल्यामुळें तिच्या स्वाराचें काम कसेंबसें भागे. इतर मोटारसायकलींचे कसबी स्वार एंजिन सुरू करून, गाडीस ढकलून वेग देऊन मग पहिला गिअर घालीत. पण भर रहदारींत हें धाडस जिवाशीं येणारें होतें. खरा उपाय म्हणजे तार बदलणें. स्कूटरींत बहुधा आंतली तारच तेवढी बदलीत. जुनी ओढून काढावयाची. नवीस ग्रीस चोपडून, टोंकाचे पदर विसकटूं न देतां, दांडीच्या बाजूनें आवरणांत सारीत न्यावयाची. आणि एंजिनाकडील टोंकास ती स्क्रूनें आवळावयाची. आवळतांना दांडीस दोन-तीन मिलिमीटरांचा खेळ ठेवावा लागतो. तार फार ताणली तर क्लच अर्धवट सुटलेला राहून त्याच्या चकत्या जळतात; फार ढिली ठेवली तर गिअर पडतांना दांते करकरतात. मोटारसायकलची तार आवरणासकट बदलावयाची असतां जुनी काढण्यापूर्वीं तिच्या टोंकास सुतळी बांधीत, म्हणजे नवी तार त्याच मार्गानें ओढून घेतां येई. दूरच्या प्रवासास निघणारे तर नवी तार जुनीस लागूनच बांधून ठेवीत. वेळ आली कीं दोन टोंकें बदललीं, काम झालें.

तीर्थरूप ही विद्या कोणत्याहि पुस्तकांतून शिकले नव्हते. एका मिस्त्रीजवळ दोन-तीनदां उभें राहून त्यांनीं ती उचलली होती. आणि मातुश्री? त्या कित्येक वर्षें मागें बसून गिअरचा आवाज ऐकत होत्या. त्यांच्या ज्ञानाचें कोडें एवढ्यानेंच उलगडतें.

पुढें काळ बदलला. १९७२ सालीं फिरोदिया यांच्या कायनेटिक कंपनीनें काढलेल्या लूनानें गिअरावांचून चालणारी गाडी घरोघर नेली. १९८४ सालीं कायनेटिक होंडा ही बिनगिअरची स्कूटर आली. २००१ पासून ॲक्टिव्हानें रस्ते व्यापून टाकले. या गाड्यांत क्लच आपला आपण जुळतो व सुटतो. २०२० सालीं विजेवर चालणारी नवी चेतक आली, तिच्यांत तर जुन्या चेतकची क्लचची तार मुळींच नाहीं. या बदलाबद्दल हळहळणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. गिअर व क्लच यांची अडचण दूर झाल्यामुळेंच आमच्या कितीतरी भगिनी व कन्या कोणाच्या मागें बसण्याऐवजीं स्वतः गाडी चालवूं लागल्या. हा लाभ कोणत्याहि आठवणीपेक्षां मोठा आहे.

परंतु एक गोष्ट या घाईंत नजरेआड झाली. डाव्या हातांतील दांडी गेली नाहीं. तिचें काम तेवढें बदललें. जेथें क्लच होता तेथें आतां मागचा ब्रेक आला. जुन्या संवयीचा गृहस्थ नव्या स्कूटरवर बसून क्लच समजून डावी दांडी दाबतो आणि गाडी जागच्या जागीं थबकते, हा विनोद बहुतेक घरांत झालेला आहे. २०१९ पासून १२५ सी. सी. पर्यंतच्या नव्या गाड्यांस जोड-ब्रेक किंवा चाक जखडूं न देणारी ब्रेकयोजना आवश्यक झाली. जोड-ब्रेक असलेल्या स्कूटरींत डाव्या दांडीचा परिणाम दोन्ही चाकांवर होतो. म्हणजे डाव्या हाताची जबाबदारी पूर्वीपेक्षां वाढली आहे. आणि जेथें मागें ड्रमचा ब्रेक आहे, तेथें ती पार पाडणारी वस्तु बाउडनचीच तार आहे. तिचा मणी तसाच, पीळ तसाच, मानेशीं एकेक पदर तुटण्याची रीतहि तशीच. क्लचची तार तुटली तर माणूस वाटेंत खोळंबतो. ब्रेकची तार तुटली तर काय होतें, तें लिहिण्याची आवश्यकता नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या कन्येच्या स्कूटरच्या डाव्या दांडीवरील रबरी टोपण आम्ही सहज बाजूस सारलें, तों तारेचे तीन पदर तुटून बाहेर आलेले दिसले. विचारतां ती म्हणाली, "ब्रेक जरा सैल लागत होता, म्हणून मी दांडी जास्त ओढत होतें." महिनाभर ती अशीच कॉलेज रोडवरून ये-जा करीत होती. तिच्यांत निष्काळजीपणा नव्हता. तारेची भाषा तिला कोणी शिकविलीच नव्हती, आणि तो दोष आमचा होता. त्याच दिवशीं आम्ही तार बदलली. हकीकत ऐकून वृद्ध मातुश्रींनीं एवढेंच विचारलें, "कुरकुरत नव्हती का?" कुरकुरत असलीच पाहिजे, पण तो आवाज कशाचा, हें ओळखणारें त्या गाडीवर कोणी नव्हतें.

वाचकांनीं स्वतः मिस्त्री व्हावें असा आमचा आग्रह नाहीं. महिन्यांतून एकदां दांडी हळूच दाबून पाहावी, ती खरबरीत लागते काय तें ध्यानांत घ्यावें, मण्याच्या मानेशीं एखादा पदर वर आला आहे काय तें पाहावें, आणि आला असल्यास स्क्रू आवळून दिवस ढकलण्याऐवजीं तार बदलून घ्यावी. हें काम घरांतील मुलांमुलींना शेजारीं उभें करून करावें, म्हणजे पुढच्या पिढीस तें निराळें शिकवावें लागणार नाहीं.