चित्रकाराचं बिल

महादेव विश्वनाथ धुरंधर आमच्या कोल्हापूरचे. १८९० साली ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून गेले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींचं पुस्तक उपयोजित कलेच्या माझ्या प्रत्येक वर्गाने निदान चाळावं, असा माझा आग्रह असे. मुलांना मी एक कामही द्यायचो. धुरंधरांनी शाळेच्या पगाराखेरीज बाहेरची कोणकोणती कामं केली, ती शोधून काढा. यादी लांबतच जायची. एडवर्ड्स यांचं ‘बायवेज ऑफ बॉम्बे’, किंकेड यांचं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’, रॉथफेल्ड यांचं ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकांची चित्रं. त्याशिवाय पोस्टकार्डं, पौराणिक चित्रांचे छापे. मग वर्गातून हमखास प्रश्न यायचा: सर, या कामांचे पैसे ते कसे ठरवत असतील?

या एका प्रश्नाने मला बरीच वर्षं कामाला लावलं. आपल्याकडे चित्रकाराचा हात कसा घडला याच्या कथा भरपूर सांगितल्या जातात. त्याला भाव सांगायला, करार करायला, हक्क राखायला कुणी शिकवलं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला ही उणीव गंभीर वाटते. हात असूनही व्यवहारात उघडे पडलेले चित्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

खरं तर जे. जे.ची स्थापनाच धंद्याच्या विचारातून झालेली. सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले आणि १८५७ साली शाळा सुरू झाली. लंडनच्या १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरीचं कौतुक झालं होतं. त्या कारागिरीला वळण लावावं, कुशल कारागीर तयार करावेत, असा हेतू होता. लॉकवुड किपलिंग १८६५ साली आले ते वास्तुशिल्प शिकवायला. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडी नक्षीकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. १८९१ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळाही निघाल्या. पण काम शाळेकडे येई, मोबदला शाळा ठरवी आणि विद्यार्थी छिन्नी चालवी. गिऱ्हाइकासमोर बसण्याची वेळ त्याच्यावर येतच नसे. बाहेर पडल्यावर बहुतेकांची वाट ठरलेली असे: शाळेत ड्रॉइंग मास्तर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मुलांच्या हातात पेन्सिल दिली, हे त्या मास्तरांचं मोठं काम. मी स्वतः अशाच एका मास्तरांच्या हाताखाली वाढलो. मात्र दरमहा पगार घेणाऱ्या माणसाला कधी बिल लिहावं लागत नाही, आणि जे करावं लागत नाही ते तो पुढच्या पिढीला शिकवत नाही.

व्यवहाराची पहिली मोठी शाळा छापखान्याने काढली. तिचे विद्यार्थी होते राजा रविवर्मा, आणि त्यांना फी फार पडली. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८४ मध्येच त्यांना सुचवलं होतं की मागणी एवढी आहे की दोन हात पुरायचे नाहीत, निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे रंगीत छापे काढून घ्या. पुढे बडोद्याच्या महाराजांसाठी केलेली पौराणिक चित्रं मुंबईत मांडली गेली तेव्हा लोटलेली गर्दी रविवर्म्यांनी स्वतः पाहिली. १८९४ साली गिरगावात त्यांचा छापखाना उभा राहिला. जर्मनीहून यंत्रं आली, जर्मन तंत्रज्ञ आले. चित्रं घराघरांत गेली, देवघरात पोचली. लक्ष्मी आणि सरस्वती कशा दिसतात ते त्या कागदांनी ठरवून टाकलं. इतकं होऊनही हिशोब जमेना. प्लेगची साथ आली, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला, कर्ज वाढलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, आणि त्याच्याबरोबर चित्रं छापण्याचे हक्कही गेले.

हा भाग मी वर्गात नेहमी सावकाश सांगत असे. भिंतीवर टांगायचं चित्र ही एक वस्तू आणि ते छापण्याचा हक्क ही वेगळी वस्तू. दोन्हींची किंमत वेगळी. हे देशातल्या सर्वांत नामवंत चित्रकाराला स्वतःच्या खिशातून शिकावं लागलं. त्या छापखान्यात शिळाछपाईचं काम केलेले, जे. जे.त आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके पुढे स्वतःचा छापखाना काढून बसले आणि भागीदारांशी न पटल्याने तिथून बाहेर पडून सिनेमाकडे वळले. त्या पिढीतल्या चित्रकारांचं व्यवहाराचं शिक्षण असंच, नुकसान सोसत झालं.

कोल्हापुरात वेगळी रीत होती. इथे आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. बाबूराव आणि आनंदराव हे मेस्त्री बंधू मात्र नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत मोठे झाले. नाटकाचा पडदा म्हणजे रोख व्यवहार. कंपनीचा मुक्काम हलायच्या आत पडदा तयार पाहिजे, रंग-कापडाचा खर्च आधी मागून घेतला पाहिजे, हाताखालच्या पोरांना रोज दिला पाहिजे. यातल्याच बाबूरावांनी, म्हणजे बाबूराव पेंटरांनी, पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली तेव्हा ही तालीम त्यांच्या गाठीशी होती. त्यांच्या हाताखालून व्ही. शांतारामांसारखी माणसं निघाली. उस्तादाच्या हाताखाली राहिलेल्या पोराला रंग कालवणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं एकाच जागी शिकायला मिळे. शाळांनी पहिलं उचललं आणि दुसरं मागे ठेवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९३५ साली जे. जे.त कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला. मुंबईत तोवर जाहिरातीच्या धंद्याने मूळ धरलं होतं. गिरगावात बी. दत्ताराम यांची कंपनी १९०५ पासून होती, जे. वॉल्टर थॉम्पसनसारख्या परदेशी एजन्सीही आल्या होत्या, आणि त्यांना ले-आउट, लेटरिंग, शोकार्ड, लेबल करणारे तयार हात हवे होते. व्ही. एन. आडारकरांनी हा विभाग नावारूपाला आणला. १९६१ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली आणि ते तिचे पहिले डीन झाले. मराठी मुलांसाठी हे फार मोठं दार उघडलं. चाळीतल्या खोलीत वाढलेला मुलगा एजन्सीत नोकरीला लागू लागला. ‘चित्रं काढून पोट भरणार का’ या घरोघरच्या प्रश्नाला पहिल्यांदा ठोस उत्तर मिळालं. रफ, विझ्युअल, फिनिश आर्टवर्क, करेक्शन, डेडलाइन हे सगळं आमच्या पिढीने त्याच परंपरेतून घेतलं, आणि मला त्याबद्दल कृतज्ञताच आहे.

पण त्या शिक्षणाची दिशा गिऱ्हाइकाकडे होती. गिऱ्हाइकाला काय हवं ते ओळखा, ते वेळेत द्या. चित्रकाराने स्वतःसाठी काय राखायचं, हा धडा तिथेही राहिला. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली जन्मला. बॉबी कूका यांची कल्पना आणि जे. वॉल्टर थॉम्पसनचे चित्रकार उमेश राव यांची रेषा. महाराजाला जग ओळखतं. उमेश राव हे नाव मी वर्गात विचारलं की हात वर यायचे नाहीत.

ज्यांनी स्वतःची जागा उभी केली त्यांची गोष्ट निराळी झाली. मडगावहून आलेले दीनानाथ दलाल पुस्तकांची मुखपृष्ठं करत होतेच; १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ अंक काढला आणि चित्रकार स्वतःच संपादक, प्रकाशक झाला. आपली रंगीत चित्रं कशी छापली जातील, कुठल्या पानावर जातील, हे ठरवणं त्यांच्या हाती आलं. केकू गांधींनी मुंबईत १९४१ साली केमोल्ड ही चौकटींची कंपनी काढली, दुकानात तरुण चित्रकारांची चित्रं लावायला सुरुवात केली, आणि १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी उघडली. सिनेमाची होर्डिंगं रंगवून मुंबईत तगलेल्या हुसेनसारख्यांना असा जाणकार विक्रेता भेटणं, ही या शहरातली फार महत्त्वाची घटना मी मानतो.

कायद्याचं शिक्षण मात्र सगळ्यांत उशिरा आलं, आणि नुकसान तिथेच सर्वाधिक झालं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं १७ वं कलम सांगतं की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. लगेच पुढे अपवाद येतो: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढलं असेल आणि उलट करार नसेल, तर हक्काचा पहिला मालक काम सांगणारा. नोकरीत केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा. म्हणजे तोंडी बोलीवर केलेली किती तरी कॅलेंडरं, मुखपृष्ठं, लेबलं! मी नोकरीला लागण्यापूर्वी कॅलेंडरची कामं करायचो. एकदा दिलेलं दत्ताचं चित्र पुढची कित्येक वर्षं वेगवेगळ्या दुकानांच्या नावांनी छापलं गेलं, आणि माझ्याकडे एक ओळीचं पत्रही नव्हतं. १९९४ साली कायद्यात ५३-अ कलम आलं. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. पण त्यालाही अट आहे: चित्रकार १७ व्या कलमाप्रमाणे पहिला मालक असला पाहिजे. बिलावर एक ओळ लिहायची राहिली की हा वाटाही जाऊ शकतो.

शिल्पकार अमरनाथ सेहगलांचा खटला मी शेवटच्या वर्षाला शिकवत असे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ साली दुरुस्तीच्या वेळी उतरवलं गेलं, त्याची मोडतोड झाली. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाच्या आधारे ते कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले भाग आणि पाच लाख रुपये त्यांना देण्याचा हुकूम दिला. मोबदला घेतला, काम ताब्यात दिलं, तरी त्या कामाच्या अब्रूवरचा कर्त्याचा अधिकार संपत नाही, हे मुलांना या निकालातून कळायचं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांच्याकडून बिलं लिहून घेत असे. कामाचं नाव, आकार, आगाऊ रक्कम, किती करेक्शनं दरात धरली आहेत, आणि खाली: ‘हे चित्र फक्त अमुक वर्षाच्या कॅलेंडरसाठी, इतर सर्व हक्क चित्रकाराकडे. खालील सहीने दोघांना मान्य.’ एका विद्यार्थिनीने हीच ओळ एका प्रकाशकापुढे ठेवली. त्यांनी ‘कॅलेंडर’ खोडून ‘पहिली आवृत्ती’ लिहिलं आणि सही केली. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिने दुसरं बिल पाठवलं, आणि त्याचे पैसे तिला मिळाले.