माळव्यातील विजेची गिटार

इंदूरच्या संगीताचा इतिहास सांगू लागलेला माणूस बहुधा होळकरांच्या दरबारापासून प्रारंभ करतो आणि दरबाराच्या आठवणींपाशीच थांबतो. मृदंगाचार्य नानासाहेब पानसे यांनी जेथे पखवाजाची स्वतंत्र परंपरा घडविली, बंदे अली खाँ यांच्या बीनेने जेथील रसिक तृप्त झाले आणि सारंगिये शहामीर खाँ यांच्या घरात वाढलेल्या अमीर खाँनी जेथे आपल्या धीरगंभीर विलंबित गायकीचा पाया घातला, त्या नगरीच्या इतिहासकाराला दरबाराचा मोह पडावा हे स्वाभाविकच आहे. परंतु या कथनात नगरीचे दुसरे अंग, म्हणजे छावणीचे अंग, मुळीच येत नाही; आणि त्यामुळे गेल्या काही पिढ्यांत येथे रुजलेल्या विजेच्या गिटारीला कुळच नाही, ती कोठून तरी परक्या मुलखातून अवचित येऊन पडली, असा समज दृढ होऊन बसला आहे. हा समज त्या वाद्यावर आणि ते निष्ठेने वाजविणाऱ्या माणसांवर अन्याय करणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

1818 च्या जानेवारीत मंदसोर येथे झालेल्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली आणि त्याच सुमारास, शहरापासून अवघ्या चौदा मैलांवर, महू येथे सर जॉन माल्कम यांनी कंपनी सरकारची छावणी वसविली. शहराच्या कडेला रेसिडेन्सीचा स्वतंत्र इलाखा उभा राहिला. पलटण जेथे जाते तेथे तिचा बँड जातो. पुढे दुसऱ्या तुकोजीरावांनी एक कोट रुपयांचे कर्ज देऊन खांडव्याहून इंदुरास लोहमार्ग आणविला, आणि रेल्वे व फौज या दोन खात्यांच्या आश्रयाने देशभर पसरलेली अँग्लो-इंडियन आणि गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबे माळव्यातही आली. त्यांच्या घरांत व्हायोलिन, पियानो आणि गिटार ही चैनीची नव्हे, तर नित्याची वाद्ये होती. लग्नाच्या वरातीत आज जो पितळी वाद्यांचा ताफा आपण निःशंकपणे आपला मानतो, तोही याच छावणीचा वारसा होय.

विजेच्या गिटारीची जन्मकथा तर आपल्या दृष्टीने फारच महत्त्वाची आहे. 1932 च्या सुमारास कॅलिफोर्नियात रिकनबॅकरच्या कारखान्यातून विजेची जी पहिली गिटार बाजारात आली, ती गळ्यात अडकवून वाजविण्याची नव्हतीच. ॲल्युमिनियमची ओतीव, तव्याला लांब दांडा लावावा तशी दिसणारी ही गिटार मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवीत, हवाई बेटांच्या पद्धतीने वाजवायची होती. म्हणजे स्वर सुटा न ठेवता घसरत घसरत पुढील स्वरास भिडविण्याची जी क्रिया आपल्याकडे विचित्रवीणेत काचेच्या बट्ट्याने साधली जाते, तीच क्रिया या वाद्याच्या मुळाशी होती. ज्या श्रोत्यांचे कान मींडेवर पोसलेले होते त्यांना हे वाद्य परके वाटण्याचे कारण नव्हते. 1940 च्या दशकात हवाईचे टाऊ मो यांचे कुटुंब कलकत्त्यास राहून वादन आणि अध्यापन करीत होते. पुढे हजारासिंग यांनी आणि आठ तारांची गिटार वाजविणाऱ्या व्हॅन शिपले यांनी चित्रपटगीतांच्या धुनांच्या ध्वनिमुद्रिका काढून ती घरोघर पोहोचविली. 1955 मध्ये आकाशवाणीचे इंदूर केंद्र सुरू झाले तेव्हा नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर चित्रपटसंगीतास फारसा थारा देण्यास राजी नव्हते, आणि म्हणून श्रोत्यांनी आपल्या सुया रेडिओ सिलोनकडे वळविल्या. केसकरांची शास्त्रीय संगीतावरील निष्ठा वादातीत होती. पण त्यांच्या हुकमाने जे संगीत दाराबाहेर थांबले ते खिडकीतून आत आले, आणि त्यात या गिटारीचा सूरही होता.

येथून पुढचा इतिहास हा वाद्याच्या टंचाईचा इतिहास आहे. आयात-निर्यात नियंत्रणाचा 1947 चा कायदा आणि पुढे 1957 च्या आसपास ओढवलेली परकीय चलनाची चणचण यांमुळे परवान्याविना परदेशी वाद्य आणणे सामान्य माणसास अशक्य झाले. फेंडरची टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर, गिब्सनची लेस पॉल ही नावे आपल्याकडील तरुणांनी ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर पाहिली, क्वचितच हाताळली. कलकत्त्यात बनलेल्या गिबटोन आणि गिव्हसन या गिटारींवर बहुतेकांनी भागविले. जहाजावर नोकरी करणारा आप्त किंवा मायदेशी परतणारा परदेशी पाहुणा यांच्याकडून एखादी विलायती गिटार हाती लागलीच, तर ती मोडली म्हणून टाकून देण्याची सोय नव्हती. ती जन्मभर सांभाळावी लागे. आज जिला आपण कौतुकाने जुन्या वाद्यांचा संग्रह म्हणतो, त्याचा आरंभ आपल्याकडे हौसेतून झाला नाही, निरुपायातून झाला.

हा निरुपाय किती सूक्ष्म कौशल्यास जन्म देऊ शकतो हे मी इंदुरातील एका वादकाच्या घरी पाहिले आहे. त्याच्याकडील साठीच्या दशकातल्या एका जर्मन गिटारीचा पिकअप मुका झाला होता. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. तारा कंप पावल्या की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि तोच प्रवाह ॲम्प्लिफायरमध्ये मोठा होऊन आपल्या कानी पडतो. ही तार केसाहून जाड नसते आणि तिचे सात-आठ हजार वेढे द्यावे लागतात. पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारी रिवाइंड करण्यात हयात घालविलेल्या एका वृद्ध कारागिराने ते वेटोळे आपल्या यंत्रावर नव्याने गुंडाळले. ताण किंचित अधिक झाला की तार तुटे, आणि मग तो काहीही न बोलता पहिल्यापासून आरंभ करी. अखेर त्याने ते मंद आचेवर वितळविलेल्या मेणात बुडविले आणि आतील हवेचे बुडबुडे येणे थांबेपर्यंत हलविले नाही, कारण वेढे सैल राहिले तर मोठ्या आवाजात गिटार किंचाळते. या कारागिराने रॉक संगीत कधी ऐकले नसेल; पण त्या संगीताच्या माळव्यातील इतिहासात त्याचे स्थान वादकाच्या खालोखाल नाही, बरोबरीचे आहे.

वादकांना उपजीविका दिली ती ऑर्केस्ट्राने. गणेशोत्सवाच्या मंडपात चित्रपटगीते वाजवून मिळालेल्या बिदागीवर तारा विकत घ्याव्यात आणि महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आपल्या आवडीचे इंग्रजी संगीत वाजवावे, हा क्रम महाराष्ट्रातील शहरांप्रमाणे येथेही रूढ झाला. सिमला सिगारेटच्या नावाने भरलेल्या सिमला बीट स्पर्धांतील बँडांच्या ध्वनिमुद्रिका 1970 आणि 1971 मध्ये निघाल्या, आणि 1971 मध्येच राहुलदेव बर्मन यांच्या ‘दम मारो दम’ या गीतात भूपिंदर सिंग यांची विजेची गिटार गल्लोगल्ली घुमली; तेव्हा रॉक आणि चित्रपटसंगीत यांच्यामधील भिंत आपण समजतो तितकी उंच कधीच नव्हती. 1991 नंतर आयातीचे निर्बंध सैल झाले, आणि पुढल्या पिढीला वाद्यासाठी वाट पाहावी लागली नाही. 2006 च्या डिसेंबरात इंदुरात स्थापन झालेल्या ‘निकोटिन’ या बँडची गणना मध्य भारतातील मेटल संगीताच्या अग्रणींत होते, आणि त्याच्या वादक-गायकांत भोसले, गोखले, मलकापूरकर ही आडनावे आढळतात. इंदूरच्या मराठी समाजाने या गोष्टीची नोंद पखवाजाच्या परंपरेइतक्याच आस्थेने घ्यावयास हवी होती. ती अद्याप घेतली गेलेली नाही.

जुन्या अमेरिकी गिटारींचे मोल ठरविताना संग्राहक 1965 हे साल विसरत नाहीत, कारण त्या वर्षी फेंडर कंपनी सीबीएसच्या मालकीची झाली आणि त्यापूर्वीच्या वाद्यांची प्रतिष्ठा वेगळी ठरली. मला मात्र त्यानंतरचीच वर्षे अधिक जिव्हाळ्याची वाटतात. ब्राझीलमधील रोजवुड दुर्मिळ होऊ लागले तसे साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कारखाने भारतीय शिसवाकडे वळले. 1969 मध्ये मार्टिन कंपनीनेही तेच लाकूड पत्करले. ज्या शिसवाचे पलंग आणि देव्हारे आपल्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदले, त्याच जातीच्या झाडाची पट्टी त्या काळच्या कित्येक विलायती गिटारींच्या मानेवर बसली, आणि अशी गिटार इंदुरास येते तेव्हा तिच्या पडद्यांखालचे लाकूड स्वदेशी परतलेले असते. 2017 च्या जानेवारीत शिसवाच्या साऱ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा अशा गिटारींच्या खरेदी-विक्रीसाठी पुन्हा एकदा परवान्यांचे दप्तर उघडावे लागले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती 2019 च्या नोव्हेंबरात.