कोल्हापुरात बिहीला फळ का धरत नाही? मग अंगणात काय लावाल?

काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा बिहीदाणा म्हणजे क्विन्स या फळाच्या बिया. सफरचंदाच्या कुळातलं हे झाड काश्मीरमध्ये चांगलं फळतं. बहर येण्यासाठी त्याला साधारण ७ अंशांखालची, बरेच दिवस टिकणारी थंडी लागते. कोल्हापुरात ती मिळत नाही. त्यामुळे झाड वाढलं, तरी फळाची खात्री नाही.

पर्याय : अंजीर

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

- लागवड : छाट कलम, निचऱ्याची माती, भरपूर ऊन.
- पावसाळा : बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. पानांवर तांबेरा दिसल्यास ती काढून टाका.
- छाटणी : सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मग शेणखत आणि पाणी द्या. नव्या फुटीवरच फळ धरतं.
- किती झाडं? : ‘पुना अंजीर’ परागीभवनाशिवाय फळतं, म्हणून एकच पुरे.