नाक आणि टाच

बाबा आमट्यांच्या काळापासून वरोऱ्याच्या आनंदवनास कुष्ठरोग्याच्या टाचेची जखम परिचयाची आहे. अशा जखमेवर पोटरीची कातडी वळवून बसवितात. ही युक्ती मुळात आपल्याकडचीच. १७९२ च्या टिपूवरील स्वारीत इंग्रज फौजेचा गाडीवान कावसजी शत्रूच्या हाती सापडला व नाक गमावून बसला. पुण्याकडील एका वैद्याने कपाळाच्या कातडीचे नवे नाक केले. १७९४ साली ते वृत्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये आले. वैद्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही! मर्म एवढेच, की कातडी रुजेपर्यंत तिचा देठ तोडावयाचा नाही. रक्त त्यातूनच पोचते. परंतु नाकावर देहाचा भार नसतो. बधिर टाचेस कातडी मिळते, संवेदना सहसा मिळत नाही. खडा रुतला तरी कळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही मऊ तळाची चप्पल घालावीच लागते.