तौक अल्-हमाम : मक्केची रहस्यकादंबरी आणि तिचे वाचक

तौक अल्-हमाम (कबुतराचा कंठहार) ही मक्केत जन्मलेल्या सौदी लेखिका रजा आलिम यांची अरबी कादंबरी. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. बेवारस सापडलेला स्त्रीदेह, बंद दारांआड कोंडलेल्या तरुणी, चोरून लिहिलेली प्रेमपत्रे आणि भूतकाळाने झपाटलेली वास्तू ही गॉथिक प्रेम-रहस्यकथेची सगळी सामग्री या कादंबरीत आहे. फक्त युरोपीय गढीच्या जागी इथे मक्केतील एक गल्ली येते. ही कादंबरी वाचणाऱ्यांमध्ये जितके तीव्र मतभेद झाले, तितके आधुनिक अरबी साहित्यातील फार थोड्या कादंबऱ्यांबाबत झाले असतील.

गॉथिक कादंबरीची परंपरा होरेस वॉल्पोलच्या ‘द कासल ऑफ ओट्रँटो’पासून (१७६४) मोजली जाते. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ने (१८४७) तिला प्रेमकथेची जोड दिली आणि डॅफ्ने द मॉरिए यांच्या ‘रेबेका’ने (१९३८) मेलेल्या स्त्रीचा जिवंत माणसांवरचा अंमल हा तिचा मुख्य विषय केला. ‘रेबेका’वरून घेतलेल्या ‘कोहरा’ (१९६४) या हिंदी चित्रपटातील ललिता पवार यांची दाई अनेक मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. आलिम यांच्या कादंबरीतही गेलेली स्त्रीच सर्वांना नाचवते, पण ती नेमकी कोण हेच कोणाला ठाऊक नसते.

कथानक अबू अर्-रुऊस, म्हणजे अनेक डोक्यांच्या गल्लीत घडते. दोन घरांमधल्या चिंचोळ्या जागेत एका स्त्रीचा विवस्त्र मृतदेह सापडतो. बदनामीच्या भीतीने कोणतेही घर त्यावर हक्क सांगत नाही. मृत स्त्री कोण याबद्दल तपास करणाऱ्या नासिर या पोलीस अधिकाऱ्याचा संशय दोघींभोवती फिरतो: वडिलांच्या धाकात वाढलेली अज्जा आणि अपघातानंतर उपचारांसाठी जर्मनीला जाऊन आलेली शिक्षिका आयेशा. त्याच्या हाती दोन प्रकारची कागदपत्रे लागतात. एक, अज्जावर प्रेम करणाऱ्या आणि मक्केच्या इतिहासाने झपाटलेल्या युसूफच्या रोजनिशा; दुसरी, आयेशाने आपल्या जर्मन प्रियकराला पाठवलेले ई-मेल. कथेचा बराच भाग खुद्द गल्लीच सांगते. उत्तरार्धात कथा स्पेनला जाते. अकराव्या शतकात तिथल्याच कोर्डोव्हाच्या इब्न हज्मने प्रेमावर लिहिलेल्या प्रख्यात ग्रंथाची आठवण कादंबरीचे नाव मुद्दाम करून देते.

मार्च २०११ मध्ये अबू धाबीत अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार या कादंबरीला आणि मोरोक्कोच्या मोहम्मद अश्आरी यांच्या कादंबरीला विभागून जाहीर झाला. पुरस्कार विभागून देण्याची ती पहिलीच वेळ होती आणि आलिम या तो मिळवणाऱ्या पहिल्या महिला. इराकी कवी फाजिल अल्-अज्जावी परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते. पुरस्काराच्या निमित्ताने पवित्र शहराची झाकलेली बाजू उघड करणारी कादंबरी अशी तिची ओळख रूढ झाली: गुन्हेगारी, धार्मिक कट्टरता, परदेशी मजुरांची पिळवणूक आणि जुन्या वस्त्या गिळणारे बांधकाम व्यावसायिक. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. तिच्यामुळे अनेक वाचक गौप्यस्फोटाच्या अपेक्षेने कादंबरीकडे वळले आणि त्यांना आत शोकगीत सापडले.

सर्वांत मोठी तक्रार रहस्यकथेच्या चाहत्यांची असते. पात्रे फार, निवेदक बदलते, मिथक आणि तपास एकमेकांत मिसळलेले. खून कोणाचा आणि कोणी केला याचे पंचनाम्यासारखे सरळ उत्तर मिळत नाही. निम्म्यावर पुस्तक खाली ठेवणारे वाचक अरबीतही आहेत आणि इंग्रजीतही. कथा मक्केतून स्पेनला गेल्यावर धागा सुटला, असेही अनेकांना वाटते. या आक्षेपात तथ्य आहे, कारण उत्तरार्धाची पकड पूर्वार्धाइतकी घट्ट नाही. मात्र उत्तर न देणे हा लेखिकेचा दोष नव्हे. जिला आपले म्हणायला कोणी पुढे येत नाही, तिची ओळख शेवटच्या पानावर सहज पटवून दिली असती, तर गल्लीचा अपराधच पुसला गेला असता.

श्रद्धाळू वाचकांची अस्वस्थता वेगळी आहे. हरममध्ये, म्हणजे मक्केच्या पवित्र क्षेत्रात, शिकार निषिद्ध आहे, तिथल्या कबुतरांनाही कोणी इजा करत नाही. त्या शहरात असा मृतदेह दाखवणे अनेकांना पावित्र्यभंग वाटते. उलट मक्केशी नाते असलेल्या कित्येकांना ही कादंबरी हरवलेल्या शहराची नोंदवही वाटते. तिच्यातला खरा बळी शहरच आहे, हे त्यांचे वाचन सर्वांत मर्मग्राही आहे. काबागृहाजवळच्या टेकडीवरचा अठराव्या शतकातला अज्याद किल्ला २००२ मध्ये पाडण्यात आला. त्या जागी अब्राज अल्-बैत हे संकुल उभे राहिले. त्यातील घड्याळाचा मनोरा ६०१ मीटर उंच आहे. जुन्या मोहल्ल्यांची घरे, नक्षीदार लाकडी खिडक्या आणि पाण्याच्या वाटा युसूफ रोजनिशीत टिपून ठेवतो, त्यामागे हा विध्वंस आहे. गॉथिक कथेतील वाडा शेवटी जळतो किंवा कोसळतो. इथे तो बुलडोझरखाली जातो, आणि म्हणून भीती काल्पनिक उरत नाही.

स्त्रीवाचकांना, आणि प्रेमकथा म्हणून कादंबरी वाचणाऱ्यांना, आयेशाचे ई-मेल सर्वाधिक भिडतात. खोलीबाहेर पडू न शकणारी ही बाई शरीर, इच्छा आणि एकटेपण यांबद्दल ज्या मोकळेपणाने लिहिते, तो अरबी गद्यात विरळा आहे. तपास अधिकारी ही पत्रे पुरावा म्हणून वाचायला घेतो आणि हळूहळू त्यांच्यात गुंतत जातो. वाचकाची गतही त्याच्यासारखीच होते.

मुस्लिमेतरांना मक्केत प्रवेश नसल्यामुळे अनुवादांतून वाचणाऱ्या बहुतेक पाश्चात्त्य वाचकांसाठी ही कादंबरी म्हणजे न पाहता येणारे शहर आतून दाखवणारी वाट ठरली. हार्टमुट फेंडरिश यांचा जर्मन अनुवाद २०१३ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी आलिम यांना जर्मनीतील लिबेराटुरप्राइस हा साहित्य पुरस्कार मिळाला. कॅथरिन हॉल्स आणि अ‍ॅडम तालिब यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मराठी वाचकाला अरबी येत नाही, त्याने इंग्रजी अनुवादापासून सुरुवात करावी आणि खुनी शोधण्याची घाई बाजूला ठेवून आधी गल्लीचे बोलणे ऐकावे.